आपल्याकडे कोणाला काय होतं?

आमच्याकडे माणसं अचानक जायची. आजोबा अचानक गेले, मोठे काका ऑफिसातून आले, पाणी मागितलं आणि अचानक गेले, आजोबांची एक बहीण होती ती म्हणे तरुणपणीच 'काहीतरी होऊन' गेली. लहानपणापासून हे एवढंच ऐकत आले आणि त्याच्या पुढचा प्रश्न घरात कधी कोणी विचारला नाही. गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं म्हणजे त्याचा स्वभाव, त्याच्या आवडीचे पदार्थ, फार तर त्याची नोकरी. नेमकं काय झालं होतं, कधीपासून होत होतं, वय किती होतं, हे विचारणं म्हणजे उगाच खपली काढणं.

मागच्या उन्हाळ्यात धाकट्या भावाला छातीत जड वाटायला लागलं म्हणून आम्ही त्याला तपासायला घेऊन गेलो. ईसीजी झाला, इको झाली, स्ट्रेस टेस्ट झाली, सुदैवाने तसं काही निघालं नाही. पण डॉक्टरांनी विचारलं, घरात हार्टचा त्रास कोणाला? वडिलांकडे? आईकडे? कितव्या वर्षी? भाऊ माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. आजोबा अचानक गेले, एवढंच आम्हाला सांगता आलं. काका गेले ते तर मला चांगलं आठवतं, मी बारावीत होते, पण तेव्हा त्यांचं वय काय होतं? मोठे होते, बस.

डॉक्टरांनी घाई न करता समजावून सांगितलं. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, नाहीतर आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हार्टचा त्रास झालेला असेल तर त्या माणसाकडे आम्ही जास्त काळजीने बघतो, कोलेस्टेरॉल लवकर तपासतो, रक्तातल्या एका चरबीची, लिपोप्रोटीन-ए नावाची टेस्ट आयुष्यात एकदा तरी करून घ्या म्हणतो, कारण ते बहुतांशी जन्मानेच ठरलेलं असतं आणि पथ्यपाण्याने फारसं हलत नाही. आजोबा आणि काका थेट त्या यादीत बसत नाहीत, पण दोघंही लवकर गेले असतील तर आधी तुमच्या वडिलांचं हृदय कसं आहे ते बघा, असं म्हणाले. आणि वयं विचारून या.

तर त्यावरून ही वही सुरू झाली. साधी दोनशे पानी वही, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेली. डावीकडे बाबांची बाजू, उजवीकडे आईची.

पहिले अर्थातच बाबांना विचारलं. "वय झालं होतं त्यांचं," बाबा म्हणाले आणि पेपर परत वर घेतला. आई आतून म्हणाली, "अहो, वय कसलं, वन्संचं लग्नसुद्धा व्हायचं होतं तेव्हा." म्हणजे जावई यायच्या आधी गेलेला माणूस, आणि बाबांच्या डोक्यात तो म्हातारा होता, कारण बाबा स्वतः तेव्हा चौदा वर्षांचे होते आणि चौदाव्या वर्षी वडील म्हातारेच वाटतात. खरी माहिती मिळाली ती मोठ्या आत्याकडे. आत्या आता वारज्याला असते, पंच्याऐंशीची आहे, आणि तिच्याकडे तारखा नाहीत पण पानशेत आहे. तिच्या पिढीतल्या पेठेतल्या माणसांचं हे असंच असतं, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पूर आला त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आजोबांना मुलं दादा म्हणायची. "पूर आला तेव्हा दादा होते ना, खालच्या बिऱ्हाडातल्या बायकामुलांना त्यांनीच वर आणलं, घरातलं सगळं धान्य भिजलं होतं. मग पुढची दिवाळी झाली आणि गेले." जुन्या पेटीतल्या सर्व्हिस बुकात जन्मसाल १९१३ मिळालं. म्हणजे एकोणपन्नास. काकांचा हिशेब काकूने लगेच केला, एक्कावन्न.

पण वयापेक्षा मोठी गोष्ट आत्या सहज बोलता बोलता बोलून गेली. आजोबा शेवटचं वर्षभर जिना चढताना मधल्या वळणावर थांबायचे आणि वाकून चप्पल नीट करायचे. रोज. "आम्ही हसायचो, दादांची चप्पल मेली कधी नीट बसतच नाही म्हणून. वर आले की खायचा सोडा मागायचे, गॅस झालाय म्हणायचे, इथे," असं म्हणून तिने हात ठेवला तो पोटावर नाही, छातीच्या मधोमध. काकू तिथेच बसलेली, ती एकदम म्हणाली की ह्यांनी पण शेवटच्या सहा महिन्यांत दर रविवारचं पर्वतीची टेकडी चढायला जाणं सोडलं होतं, कंटाळा येतो म्हणायचे, आणि ज्या माणसाने तीस वर्षं पर्वती चुकवली नाही त्याला कंटाळा कसा येईल हा प्रश्न मला तेव्हा पडला होता पण विचारला नाही, घरात मुलांच्या परीक्षा होत्या. दोन पिढ्यांत दोन पुरुष, दोघंही चढावर थांबत होते आणि दोघांनीही त्याला दुसरंच काहीतरी कारण दिलं. चढताना छातीत भरून येणं आणि थांबलं की कमी होणं हे अंजायनाचं अगदी पुस्तकी लक्षण आहे, हृदयाला जास्त रक्त लागतं तेव्हा अरुंद झालेल्या नळीतून ते पुरत नाही. १९६२ साली कळून फार काही करता आलं नसतं हेही खरं. काकांच्या वेळी आलं असतं.

हे सगळं मी घरी येऊन जेवताना सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. तीन-चार दिवसांनी संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, "दादांना नेमकं कुठे दुखायचं म्हणाली ती?" बाबा वेताळ टेकडीवर जायचे पूर्वी, अलीकडे सोसायटीतच फेऱ्या मारायचे, गुडघे दुखतात म्हणून. गुडघे दुखत नव्हते. पुढच्या आठवड्यात अँजिओग्राफी झाली, दोन ठिकाणी ब्लॉक निघाले, एका ठिकाणी स्टेंट घातला आणि दुसऱ्याला गोळ्यांवर ठेवलंय. आता बाबा परत टेकडीवर जातात, आई म्हणते अर्ध्यातूनच परत या, ते ऐकत नाहीत.

खरं सांगते, यानंतर मला ही वही हे फक्त डॉक्टरांना द्यायचं उत्तर वाटेनासं झालं. मी रीतसर एकेकीकडे जायला लागले. एकेकीकडे अशासाठी म्हणते की पुरुषांना काही माहीत नसतं. म्हणजे प्रेम नसतं असं नाही, पण भावाला काय झालं होतं, आईला कुठल्या गोळ्या होत्या, हे त्यांना ठाऊकच नसतं, कारण उशाशी बसलेल्या त्या बायका होत्या. कोणाला कशाची उलटी व्हायची, कोणाचा पाय कधी सुजायला लागला, सगळं त्यांच्याकडे आहे, आणि गंमत नाही, खरंच, चाळीस वर्षांपूर्वीचं औषध बाटलीच्या रंगासकट आठवतं.

काकूचीच गोष्ट घ्या. काकूने आजीचं सगळं केलं. आजीला अर्धांगाचा झटका आला तो १९८७ साली, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि त्यानंतर सहा वर्षं ती अंथरुणावर होती. हे आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं की त्या झटक्याच्या महिनाभर आधी आजी गवार निवडत बसलेली असताना तिच्या हातातून शेंगा पडायला लागल्या आणि तिला शब्द सापडेनात, 'ते... तो...' असं करायला लागली, पाच-दहा मिनिटांत सगळं परत ठीक. आजीच काकूला म्हणाली उपासाने झालं असेल, कोणाला सांगू नकोस, उगाच डॉक्टर आणतील. असं दोनदा झालं. काकूने सांगितलं नाही. आज आपल्याला माहितीये की असा थोड्या वेळाचा झटका म्हणजे मेंदूत गुठळी अडकून सुटून गेल्याची खूण असते आणि खरा झटका त्यानंतर काही दिवसांतही येऊ शकतो, म्हणून ते परत नीट झालं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं असतं. तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही दिसलं की घड्याळ बघायचं, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. मी काकूला हेही सांगितलं की ते इंजेक्शन तेव्हा आपल्याकडे नव्हतंच. ती म्हणाली, "हो का?" आणि बराच वेळ गप्प राहिली. अडतीस वर्षं तिच्या मनात ते होतं.

मग ती बोलायलाच लागली. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री गजर लावून, एअर बेड वगैरे कुठला, चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही, पाठीला स्पिरिट आणि पावडर. सहा वर्षांत आजीच्या पाठीला एकही जखम झाली नाही. हे ती अभिमानाने सांगत होती आणि का नाही सांगणार, आजही घरी नर्स ठेवून लोकांना हे जमत नाही. आणि त्याच सहा वर्षांत एकटीने उचलून उचलून काकूच्या कमरेची गादी सरकली, ती आजपर्यंत दुखते, पण घरात 'काकूची कंबर' हा एक वेगळाच, आपोआप आलेला आजार मानला जायचा. मी वहीत दोन्ही एकाखाली एक लिहिलं. काकू म्हणाली, "मला हे कोणी कधी विचारलंच नाही गं."

धाकट्या आत्याबद्दल लिहू का नको असं वाटत होतं, तिलाच विचारलं, लिही म्हणाली, नाव घालू नकोस. १९९७ मध्ये तिला छातीत गाठ लागली. सेहेचाळीस वर्षांची होती. तिने चार महिने कोणाला सांगितलं नाही कारण मोठ्या मुलीचं जमत होतं आणि मुलाकडच्यांना कळलं तर? लग्न झालं, मांडव उतरला, आणि दुसऱ्या दिवशी ती एकटी रिक्षाने डॉक्टरकडे गेली. ऑपरेशन झालं, शेक म्हणजे रेडिएशन दिलं, आणि मग कॅन्सर परत येऊ नये म्हणून पाच वर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी होती, जी तिने घरात कॅल्शियमची म्हणून सांगितली. केमो लागली नाही, केस गेले नाहीत, त्यामुळे मुलींना एवढंच कळलं की आईची गाठ काढली. आज ती चौऱ्याहत्तरची आहे आणि ठणठणीत आहे, पण तिच्या मुलींना परवापर्यंत माहीत नव्हतं की त्यांच्या आईला कॅन्सर होता.

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. कारण आईला ब्रेस्ट कॅन्सर झाला असेल तर मुलीची तपासणी आईच्या तेव्हाच्या वयापेक्षा साधारण दहा वर्षं आधी सुरू करा असं डॉक्टर सांगतात, म्हणजे माझ्या आतेबहिणींची छत्तिसाव्या वर्षी सुरू व्हायला हवी होती, आणि मोठी आता पन्नाशीत आहे. सगळे ब्रेस्ट कॅन्सर घराण्यातून येत नाहीत, शंभरातले पाच-दहाच तसे असतात, बाकीचे असेच होतात, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण ते पाच-दहा ओळखायचे तर घरात कोणाकोणाला, कितव्या वर्षी, हे माहीत असावं लागतं. आणि आणखी एक, जे मला स्वतःला नवीन होतं आणि मी भेटेल त्या बाईला सांगते: हे वडिलांच्या बाजूनेही येतं. आपण आई, मावशी, आजी एवढंच मोजतो, आत्याचं मोजतच नाही. पण बीआरसीए सारख्या जीनमधला, ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढवणारा बिघाड वडिलांकडे असला तर तोही मुलीकडे जायची शक्यता तेवढीच, निम्मी. वडिलांना काहीच होत नाही बहुतेक वेळा, म्हणून कळत नाही. आत्याने मुलींना दोघींना एकत्र बोलावून सांगितलं, मी तिथे नव्हते, असायचं कारणही नव्हतं. मोठीने दोन दिवस आईशी बोलणं टाकलं. मग दोघींनी मॅमोग्राफी करून घेतली, मीही घेतली. रिपोर्ट चांगले आलेत.

आईच्या बाजूचं पान पटकन भरलं कारण तिकडे सगळ्यांना एकच, शुगर. मामाला अडतिसाव्या वर्षी निघाली. मामा म्हणजे किडकिडीत, सायकलवरून स्वारगेट ते खडकी करणारा, पोट नाही काही नाही, आणि घरात सगळ्यांचं म्हणणं की आपल्याकडे सगळे काटक, आपल्याला कुठली शुगर, लॅबचंच चुकलं असणार. यावर आपल्याच पुण्यात केवढं मोठं काम झालंय हे मला वही करताना वाचायला मिळालं. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३, आणि शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, आपल्या लोकांचं हे असं आहे. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला, तिथे जन्मणारी बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा किती तरी हलकी, पण त्या हलक्या बाळांमध्येही चरबीचं प्रमाण त्या मानाने राखलेलं आणि स्नायू कमी. म्हणजे मामाची शुगर मामाच्या श्रीखंडापेक्षा जुनी आहे, ती आजीच्या गरोदरपणातल्या अर्धपोटी दिवसांपर्यंत मागे जात असणार. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे देशात १० कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आहे, तेव्हा यात लाज वाटण्यासारखं काही उरलंच नाहीये. मामाने पहिली दहा वर्षं फक्त मेथ्या आणि कारल्याच्या रसावर काढली. पायाला संवेदना राहिली नव्हती, चपलेतला खिळा टोचत होता ते त्याला कळलंच नाही, आणि शेवटी अंगठा काढावा लागला. मी, भाऊ, मामेभावंडं, आम्ही सगळ्यांनी एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट, करून घेतलं. भावाचं ६.१ आलं, म्हणजे अजून शुगर नाही पण उंबरठ्यावर. त्याने रात्रीचा भात सोडलाय आणि जेवणानंतर कर्वे रोडवर चक्कर मारतो, सहा महिन्यांनी परत बघू.

थोरल्या मावशीचं आईने मला सगळ्यात शेवटी सांगितलं, दार लावून. मावशीला पहिली मुलगी झाली १९६९ साली आणि त्यानंतर ती झोपेना, बाळाला जवळ घेईना, भिंतीकडे तोंड करून बसायची. बाहेरचं झालंय म्हणून गाणगापूरला नेलं, अंगारे झाले, उतारे झाले. डॉक्टरकडे न्यायचं कोणी सुचवलं तर आईचे वडील म्हणायचे, म्हणजे येरवड्याला न्यायचं का तिला? पुण्यात ती भीती काय होती ते जुन्या लोकांना माहितीये, येरवडा म्हटलं की एक तर तुरुंग नाहीतर मेंटल हॉस्पिटल, आणि दोन्हीकडून परत आलेल्या बाईला घर नाही. मावशी वर्षभराने आपोआप सावरली. दुसऱ्या बाळंतपणात परत तसंच झालं, तेव्हा निदान सगळ्यांना माहीत होतं म्हणून आईची आई जाऊन राहिली.

आता पुढचं ऐका. त्या दुसऱ्या खेपेला झालेली मुलगी म्हणजे माझी मावसबहीण, तिचं बाळंतपण २०१२ मध्ये झालं आणि तिलाही हेच झालं. झोप नाही, रडू, बाळाला काहीतरी होईल अशी सतत भीती, नंतर नंतर बाळाचं काहीच न वाटणं. तिने मला नंतर सांगितलं की तिला त्या दिवसांत सगळ्यात जास्त त्रास एका विचाराचा झाला, की आपल्या आख्ख्या घराण्यात एवढी वाईट आई कोणी झाली नसेल. आणि तिची स्वतःची आई त्या वेळी तिच्याच घरात, स्वयंपाकघरात, डिंकाचे लाडू वळत होती. मावशी एक शब्द बोलली नाही. बोलता आलं नसेल, मी तिला दोष देत नाही, तिला तेव्हा काय काय भोगावं लागलं ते तिलाच माहीत. पण तिने फक्त एवढं सांगितलं असतं की मलाही झालं होतं आणि ते गेलं, तर माझ्या बहिणीचे किती महिने वाचले असते. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आई-बहिणीला झालेलं असेल तर आपल्याला व्हायची शक्यता वाढते, आणि ते औषधाने आणि बोलण्याने बरं होतं, अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्याही डॉक्टर देतात. आता मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय आणि माझ्या भाचीला सातवा महिना लागलाय तिच्याही फोनमध्ये सेव्ह करून दिलाय. मावसबहीण स्वतः तिच्याशी बोललीये, सगळं, काही न लपवता.

आजोबांची ती बहीण क्षयाने गेली. मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये. मोठ्या आत्याने हे अजूनही आवाज खाली आणून सांगितलं. तिचा दीड वर्षांचा मुलगा तिला परत दाखवला नाही कोणी. १९५९ साली मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिलं की औषधं नीट घेतली तर घरी राहूनही क्षय सॅनेटोरियमइतकाच बरा होतो आणि घरच्यांना जास्तीचा धोका होत नाही, ती त्याच्या पाच वर्षं आधी गेली. क्षय जंतूने होतो हे तर १८८२ पासून माहीत आहे, तो रक्तातून उतरत नाही, तरी आत्याच्या दोन बहिणींच्या लग्नात हे लपवलं गेलं.

म्हणूनच मला लपवणाऱ्यांचा राग येत नाही. एका खोलीत सात माणसं, मुलींची लग्नं ठरवायची, एकाचा पगार, त्यात आजाराचं नाव बाहेर फुटलं तर सगळ्या घराला भोगावं लागायचं. त्या गप्प राहिल्या त्या आपल्यासाठीच. पण आता ती गप्प राहायची कारणं बऱ्यापैकी संपलीत आणि सवय तेवढी राहिलीये. फक्त एक आहे, आजार ज्याचा त्याचा असतो. मी कोणाचंही त्याला विचारल्याशिवाय लिहीत नाही, आणि वही घरातच असते, फॅमिली ग्रुपवर फोटो टाक म्हणून दोन-तीन जण मागे लागले होते, नाही टाकला. ज्याला बघायचंय त्याने घरी यावं, चहा प्यावा आणि बघावी. एका चुलत काकांनी सांगायला नकार दिला, त्यांची जागा कोरी ठेवलीये, त्यात राग नाही.

कोणाला करायची असेल तर फार काही लागत नाही. कोण, कुठल्या बाजूचं, काय झालं, कितव्या वर्षी सुरू झालं, आणि हयात नसतील तर कितव्या वर्षी गेले. वय सगळ्यात महत्त्वाचं. कोणाला कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली तेही लिहा, आमच्याकडे आईला सल्फाची औषधं चालत नाहीत हे बाबांना लग्नाला पन्नास वर्षं होऊनही माहीत नव्हतं. काचबिंदू कोणाला असेल तर तो नक्की लिहा कारण तो न दुखता नजर खातो, गेलेली नजर परत येत नाही, आणि सख्ख्या नात्यात तो होण्याची शक्यता बरीच जास्त असते, चाळिशीनंतर डोळ्याचं प्रेशर तपासून घ्यायला दहा मिनिटं लागतात. बाईची पिशवी काढली असेल तर का काढली आणि सोबत अंडाशयं काढली का, कारण पाळी जायच्या आधी ती काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि आमच्याकडच्या तिघींपैकी एकीलाही आपलं काय काढलं ते सांगता आलं नाही. जुने कागद शोधतोय.

आणि फक्त म्हाताऱ्यांचं लिहू नका. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडला किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते त्या आजाराचे, पेशंट वाढले तेव्हा चुलतभावाच्या मुलाला झाला, आधी जुलाब, मग आठवड्याने पायात मुंग्या, मग जिना चढता येईना. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं, आयसीयू, मग कितीतरी दिवस फिजिओथेरपी, आता पोरगा क्रिकेट खेळतो. सगळे म्हणतात विसरून जाऊ ते दिवस. विसरा, पण लिहून ठेवा, कारण फ्लूची लस देताना डॉक्टर विचारतात की पूर्वी कधी जीबीएस झाला होता का, आणि हा मुलगा चाळीस वर्षांचा होईल तेव्हा विचारतील त्या वेळी त्याला काय आठवणार, तो सहावीत होता.

वहीत आईच्या वडिलांकडची बाजू अजून जवळजवळ रिकामी आहे. तिकडचं माहीत असणारी एकच बाई उरलीये, आईची चुलत आत्या, वाईला असते, नव्वदीच्या पुढची, ऐकू कमी येतं पण डोकं एकदम तल्लख. फोनवर जमत नाही. तर येत्या रविवारी सकाळी लवकर निघतोय, भाऊ गाडी काढणार, आई येतीये, मावसबहीण पण येते म्हणाली. प्रश्न मी मोठ्या अक्षरात लिहून घेतलेत, एका पानावर एक, म्हणजे तिला वाचता येतील.